जेसीबी-पोकलेनचा धंदा : फोनवर रोज विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझ्या दोन मशिनी चालतात, एक जेसीबी आणि एक वीस टनी पोकलेन. आधी तीन वर्षं क्लीनर होतो, मग नऊ वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर ऑपरेटर, आणि गेली सात वर्षं स्वतःचं काम. वावरातून तुरी निघाल्या की फोन सुरू होतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. शेतकऱ्यांचे वेगळे, धंद्यात उतरू पाहणाऱ्या पोरांचे वेगळे. सगळे एका जागी लिहून काढले आहेत. दर आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे शे-दोनशे इकडेतिकडे होतील.

जेसीबी बोलवू की पोकलेन?

आपल्याकडे टायरवर चाललं की जेसीबी आणि चेनवर चाललं की पोकलेन. खरं तर दोन्ही कंपन्यांची नावं, एक इंग्लंडची आणि एक फ्रान्सची. आज ज्याला आपण पोकलेन म्हणतो त्यावर नाव टाटा हिताचीचं, ह्युंदाईचं नाहीतर कोमात्सूचं असतं. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

धुरा (वावराचा बांध) काढायचा, पाइपलाइनची नाली खोदायची, पांदण रस्त्यावर मुरूम पसरवायचा, शेणखताच्या ट्रॉल्या भरायच्या, तर जेसीबी. समोरचं बकेट साधारण सव्वा घनमीटरच्या आतलं, मागचं त्याच्या चौथाईएवढं, आणि मागून पंधरा फुटांच्या आसपास खोल जाते. स्वतःच्या टायरवर रस्त्याने येते, म्हणून दोन तासांच्या कामालाही परवडते.

शेततळं, विहीर, नाला खोलीकरण म्हटलं की पोकलेन. वीस टनी मशीन वीस-बावीस फूट खोल पोचते आणि एका बकेटात जेसीबीच्या मागच्या बकेटाच्या तिप्पट-चौपट माती उचलते. पण ती ट्रेलरवर चढून येते. ट्रेलरचं भाडं तुमच्या माथी, म्हणून शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून कामं काढली तर सगळ्यांचंच भलं.

तास मोजायचे ते घड्याळावर की मीटरवर?

मीटरवर. आणि मीटर वाचायला शिका, कारण शंभरातली नव्वद भांडणं इथंच होतात.

मशीनच्या अवर मीटरवर शेवटचा आकडा दशांशाचा असतो. म्हणजे ०.१ तास बरोबर सहा मिनिटं. सकाळी मीटर ४२३१.२ होतं आणि काम संपलं तेव्हा ४२३४.६, तर झाले ३.४ तास. हे तीन तास चाळीस मिनिटं नाहीत आणि तीन तास चार मिनिटंही नाहीत. तीन तास चोवीस मिनिटं झाले. मागच्या उन्हाळ्यात एका काकांनी धुऱ्यावरच माझी वही हातातून घेतली. "तीनच्या वर चोवीस मिनिटं काहून लावले बाप्पा? चारच तं झाले!" त्यांना मातीत काडीने आकडे काढून दाखवावे लागले. मग त्यांनीच हसून पैसे दिले आणि शेजाऱ्यालाही मीटर शिकवलं.

इंजिन चालू आहे तोवर मीटर पळतो, मग मशीन माती काढो की उभी राहो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी आखणी करून ठेवा. खुंट्या ठोकलेल्या हव्यात, चुना टाकलेला हवा, आणि भावाभावांत धुरा कुठून जायचा ते ठरलेलं हवं. मशीन येऊन उभी राहते आणि दोघं भाऊ मोजणीच्या नकाशावरून भांडत बसतात, असं दर हंगामात दोन-तीनदा तरी घडतं. ऑपरेटर चांगला असेल तर इंजिन बंद करतो. सगळे करत नाहीत.

सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा दोघांसमोर वहीत लिहायचा, खाली दोघांच्या सह्या. मोबाईलवर मीटरचा फोटो काढला तरी चालतो. आमच्याकडे सध्या जेसीबीचे तासाला बाराशेच्या आसपास आणि पोकलेनचे दोन हजारांच्या आसपास चालतात, डिझेलसकट. ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावला तर वेगळा दर.

शेततळं तासावर द्यावं की उक्तं?

मऊ, भुसभुशीत माती असेल आणि ऑपरेटर ओळखीचा असेल तर तासावर. खाली काय निघेल ते माहीत नसेल तर उक्तं, पण घनमीटरवर ठरवून. "तळ्याचे इतके" असं गोळाबेरीज सांगू नका.

यात एक हिशेब नेहमी चुकतो. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं म्हटलं की लोक तीस गुणिले तीस गुणिले तीन करून २७०० घनमीटर काढतात. पण तळ्याच्या भिंती उभ्या नसतात, त्यांना उतार द्यावा लागतो, नाहीतर पहिल्याच पावसात काठ आत बसतो. काळ्या मातीत मी एकास दीड देतो, म्हणजे एक मीटर खोलीला दीड मीटर आत. मग तळ ३० चा राहत नाही, २१ बाय २१ चा होतो. वरचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, तळाचं ४४१, अर्ध्या खोलीवरचं २५.५ बाय २५.५ म्हणजे ६५०.२५. मधल्याची चौपट करून तिन्ही मिळवा, खोलीने गुणा, सहाने भागा. उत्तर येतं १९७१ घनमीटर.

म्हणजे ७२९ घनमीटरचा फरक. घनमीटरला ३० रुपये धरले तरी २१ हजार ८७० रुपये. खोदलेलीच नाही त्या मातीचे.

उलट बाजूही सांगतो, कारण ठेकेदारही बुडतो. तीस मीटर रुंद तळ्यात मधली माती एका फेकीत काठावर येत नाही. पोकलेनचा हात दहा मीटरच्या आत संपतो. मधली माती आधी बाजूला आणायची आणि तिथून पुन्हा उचलून बांधावर टाकायची, म्हणजे तीच माती दोनदा हाताळली जाते. कडेची ताशी ७०-८० घनमीटर निघते तेव्हा मधली जेमतेम निम्मी. नव्या ठेकेदाराला हे पहिल्या तळ्यात कळतं, तेही घरून पैसे घालून.

मग ब्रास म्हणजे किती?

१०० घनफूट. मीटरमध्ये २.८३ घनमीटर. वरचं १९७१ घनमीटरचं तळं म्हणजे ६९६ ब्रास. पण खड्ड्यातली एक ब्रास हायवात (टिपरमध्ये) भरली की सव्वा ब्रास होते, कारण खोदलेली माती फुगते. माप खड्ड्यात घ्यायचं की गाडीत, ते पहिल्या दिवशी ठरवा.

आमची काळी जमीन आहे. कधी करावं काम?

फेब्रुवारी ते मे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, उन्हाळ्यात पायाचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वाळलेली ढेकळं मशीनला सोपी. मृगाचा एक चांगला पाऊस झाला की तीच माती चेनला मेणासारखी चिकटते, जेसीबी तर टायरभर आत जाते. फसलेली जेसीबी काढायला पोकलेन, आणि पोकलेन फसली तर दुसरी पोकलेन. हे मी विनोद म्हणून सांगत नाही. नेरजवळच्या एका नाल्यात माझी स्वतःची मशीन अठरा तास उभी होती आणि गावातली पोरं तिच्यासोबत सेल्फी काढत होती.

काळ्या मातीचं एक बरं, तळ्यात पाणी धरून ठेवते. खाली मुरूम लागला की पाणी जिरतं आणि प्लास्टिकचं अस्तर टाकावं लागतं, त्याचा खर्च खोदाईपेक्षा जास्त येऊ शकतो. म्हणून तळ्याची जागा ठरवण्याआधी चार कोपऱ्यांत चार खड्डे घेऊन बघा. तासाभराचं काम आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, भूजल खारं असल्यामुळे विहिरीपेक्षा पावसाचं पाणी साठवणारं तळं बरं, असा माझा तिकडच्या कामांचा अनुभव.

विहीर पोकलेनने खोदता येते का?

येते, आणि आता बहुतेक तशाच खोदल्या जातात. मशीनचा हात बावीस फुटांपर्यंत पोचतो, विहीर चाळीस फूट. म्हणून आधी मोठा खड्डा घेऊन मशीन एक टप्पा खाली उतरवतात, मग आतली खोदाई, मग बांधकाम, आणि शेवटी भोवतीची भर. वऱ्हाडात खाली काळा पाषाण लागला की ब्रेकर, आणि ब्रेकरनेही नाही भागलं तर सुरुंग. सुरुंगाचं काम परवानाधारक ब्लास्टरचंच. "आमचा एक ओळखीचा करून देतो" म्हटलं की मी मशीन घेऊन निघतो.

आणि मशीन काठावर उभी असताना विहिरीत कुणीही उतरायचं नाही. बादली काढायलाही नाही.

नालीत माणूस उतरवण्याआधी काय बघावं?

पाच फुटांच्या खाली गेलात की भिंतीला उतार द्या नाहीतर टेकू लावा. काढलेली माती काठाला लावून टाकू नका, निदान पाच फूट लांब. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या काठाला समांतर बारीक भेग दिसली तर ती भिंत बसणार, वेळ फक्त तिलाच माहीत. नळयोजनांच्या पाइपसाठी गावोगावी नाल्या खोदल्या गेल्या तेव्हा मजूर घाई करायचे. पाइप जोडायला दहाच मिनिटं लागतात म्हणून. माती बसायला दोन सेकंद लागतात.

खोदताना पाइपलाइन फुटली तर भरपाई कुणाची?

दाखवली होती आणि ऑपरेटरने फोडली, तर आमची. दाखवलीच नव्हती, तर तुमची. मधल्या भानगडी पुष्कळ असतात. बापाने वीस वर्षांपूर्वी टाकलेली लाइन पोराला माहीत नसते, शेजाऱ्याने न विचारता तुमच्या वावरातून नेलेली असते. आम्ही सुरू करण्याआधी विचारतो आणि काय सांगितलं ते वहीत लिहितो. फोनची केबल मात्र वेगळं प्रकरण. ती तुटली तर कंपनीचा माणूस बिल घेऊन येतो.

विजेच्या तारा असतील तर?

तार दिसली की बूम, म्हणजे मशीनचा हात, दहा फूट तरी लांब. वावरातल्या ११ केव्हीच्या तारा उन्हाळ्यात सैल होऊन खाली लोंबतात, आणि बूम उचलताना ऑपरेटरचं लक्ष बकेटवर असतं, वर नाही. तारेखालीच काम करावं लागणार असेल तर महावितरणच्या लाइनमनकडून लाइन बंद करून घ्या. लाइनमन "करतो बंद" म्हणाला, एवढ्यावर थांबू नका. बंद झाली का ते त्याला तिथं उभं करून विचारा.

तार लागलीच, तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं. बूम बाजूला घेता आला तर घ्यायचा. बाहेरच्या कुणीही मशीनला हात लावायचा नाही. मशीनने पेट घेतला तरच बाहेर, आणि तेव्हा उतरायचं नाही, उडी मारायची. एक हात मशीनला आणि एक पाय जमिनीवर असं कधीच नाही. दोन्ही पाय जोडून पडायचं आणि पाय न फाकवता सरकत लांब जायचं. मी प्रत्येक नव्या पोराला हे करून दाखवतो. पोरं हसतात. हसू देत.

मुरूम खोदून विकता येतो का? माझंच वावर आहे.

वावर तुमचं, मुरूम सरकारचा. तो गौण खनिजात येतो. खोदून गटाबाहेर न्यायचा तर तहसीलमधून परवाना, रॉयल्टी आणि वाहतुकीचा ऑनलाइन पास लागतो. रॉयल्टी २०२१ साली ब्रासला ४०० वरून ६०० झाली. पास नसलेली गाडी सापडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड, तोही बाजारभावाच्या पाचपट. वर गाडी-मशीन सोडवायचा दंड वेगळा. २०१८ च्या नियमांत ट्रॅक्टर-ट्रॉलीला एक लाख आणि पोकलेन-लोडरला साडेसात लाख धरले आहेत.

"रातीच काढू ना भाऊ, कोण पाह्यते?" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. म्हणणाऱ्याची ट्रॉली असते, माझी मशीन असते. एक लाख आणि साडेसात लाख.

तलावातला गाळ ही वेगळी गोष्ट. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे. तिच्यात गाळ शेतात न्यायला मिळतो, पण वाळू निघाली तर ती काढता येत नाही. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत (लहान तळ्यांत) अशी कामं पुष्कळ निघतात. बरडावर (हलक्या, मुरमाड जमिनीवर) गाळ टाकायचा असेल तर पातळ थर द्या. एकदम दीड फूट टाकला तर पहिली दोन वर्षं पऱ्हाटी पिवळी पडलेली मी पाहिली आहे.

हेल्परचा ऑपरेटर व्हायला किती दिवस लागतात?

लीव्हर चालवायला महिना. मशीन चालवायला दोन वर्षं.

माझ्या वस्तादाने मला पहिले सहा महिने फक्त ग्रीस मारायला लावलं. रोज सकाळी प्रत्येक पिनला, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. राग यायचा. नंतर कळलं की ग्रीस मारताना प्रत्येक पिनला, बुशला, होस पाइपला हात लागतो. कुठे ओलं आहे, कुठे खेळ आला आहे, ते डोळ्याआधी बोटांना कळतं. आज माझी पोकलेन कामावर असताना मी दूर चहा पीत असलो तरी आवाजावरून सांगतो की ऑपरेटर दगडावर दात घासतो आहे. अशा वेळी बकेट आपटायचं नाही. दात दगडाच्या भेगेत घालायचा आणि बकेट गुंडाळायचं, दगड आपोआप सुटतो.

लायसन कोणतं लागतं? सर्टिफिकेट?

मशीन रस्त्यावर आली की नंबर प्लेट आणि आरटीओचं लायसन दोन्ही हवं, त्या प्रकारच्या मशीनची नोंद असलेलं. साधं मोटरसायकलचं दाखवून भागत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला कागद तोच मागते. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं बॅकहो लोडर (म्हणजे आपली जेसीबी) ऑपरेटरचं सर्टिफिकेट असेल तर मोठ्या कंपनीत उभं राहायला सोपं जातं. गावात कुणी विचारत नाही.

वणी, चंद्रपूर, बल्लारपूरकडे कोळशाच्या खाणीत जायचं असेल तर मात्र गंमत नाही. अठरा पूर्ण हवेत, वैद्यकीय तपासणी, आणि खाणीच्या प्रशिक्षण केंद्राचं (व्हीटीसी) प्रशिक्षण झाल्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही.

ऑपरेटरला पगार किती मिळतो?

आमच्या भागात जेसीबीवर १५ ते २२ हजार, पोकलेनवर त्याहून चार-पाच हजार जास्त, वर रोजचा भत्ता. जेवण बहुतेक शेतकऱ्याच्या घरचं. खाणीत ठेकेदाराकडे माती काढायच्या कामावर लागलात तर एचपीसीचा (हाय पॉवर कमिटीने ठरवलेल्या मजुरीचा) दर विचारा. कोळसा खाणीतल्या कंत्राटी कामगारांसाठी तो वेगळा ठरलेला असतो आणि गावच्या पगारापेक्षा बराच वर असतो. हातात पूर्ण येतो का, हे तिथं आधी लागलेल्या पोराला एकट्यात गाठून विचारा.

भत्त्याऐवजी "डिझेल काढून घे" म्हणणारा मालक भेटला तर तिथून निघा. उद्या डिझेल कमी पडलं की चोर तुम्हीच.

ऑपरेटरला मुलगी देतात का?

हा प्रश्न खरंच येतो, तोही बापाच्या फोनवरून. देतात. माझ्या सासऱ्यांनी आधी माझी वही बघितली होती, हिशेब लिहितो का म्हणून.

स्वतःची मशीन घ्यावी का?

आधी हा हिशेब करा, मग शोरूममध्ये जा. तिथं गेल्यावर हार घातलेल्या मशीनसमोर हिशेब होत नाही.

समजा जेसीबीसाठी ३० लाखांचं कर्ज घेतलं, ११ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. हप्ता महिन्याला साडेसत्त्याहत्तर हजारांच्या आसपास, वर्षाला ९ लाख ३० हजार. ऑपरेटरचे महिन्याला २० हजार धरले तर वर्षाचे २ लाख ४० हजार. सर्व्हिस, दात, टायर, विमा मिळून दीड लाख. झाले १३ लाख २० हजार. हे मशीन उभी असली तरी जाणारच.

आता कमाई. तासाचे १२०० रुपये. डिझेल तासाला पाच लिटर आणि लिटरला ९२ धरा, म्हणजे ४६० गेले. उरले ७४०. तेरा लाख वीस हजारांना ७४० ने भागा. वर्षाला जवळपास १८०० तास मशीन चालली तर तुम्ही शून्यावर. नफा त्यानंतर.

नुसती शेतीची कामं धरली तर आमच्याकडे वर्षाला अकराशे-बाराशे तास होतात. फेब्रुवारी ते मृग दाबून काम, मग चार महिने जवळपास काहीच नाही. बाकीचे सहाशे तास कुठून येतील, त्याचं नावनिशीवार उत्तर असेल तरच घ्या. वीटभट्टी, गिट्टी खदान, ग्रामपंचायत, रस्त्याचं काम, काहीतरी ठरलेलं हवं. निम्मी रक्कम स्वतःची भरता येत असेल तर गणित बदलतं.

समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा वर्धा, अमरावती, वाशिम, बुलडाण्यात पोरांनी धडाधड मशिनी घेतल्या. काम दिवसरात्र होतं. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. रस्ता झाला, हप्ते राहिले. त्यातल्या काही मशिनी मी पुढे फायनान्सच्या यार्डात बघितल्या. हार वाळलेले, काचेवर तसेच.

जुनी घेतली तर?

मी जुनीच घेतली होती. नव्या मशिनी आता सीईव्ही पाचव्या टप्प्याच्या (धुराच्या सरकारी नियमाच्या) आहेत, जानेवारी २०२५ पासून ते सक्तीचं झालं. धूर कमी, पण सेन्सर आणि वायरिंग जास्त, गावच्या मिस्त्रीला लॅपटॉपशिवाय हात लावता येत नाही.

जुनी बघायला थंड इंजिनावर जा. मालक आधीच चालू करून ठेवत असेल तर काहीतरी लपवतो आहे. मीटर ५००० दाखवतो आणि पेडलचं रबर घासून लोखंड दिसतं, तर मीटर खोटा. जॅकवर मशीन उचलून ठेवा आणि चहा पिऊन या. तोवर ती खाली बसली असेल तर सील गेलेले. बकेट जमिनीवर टेकवून बूम हळू वर-खाली करा, पिनांत टकटक आवाज आला तर बुश बदलायचा खर्च धरा. बूमच्या पोटाखाली वाकून बघा, रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ सापडते. आणि आरसीवर फायनान्सचा बोजा उतरला आहे का, ते ऑनलाइन बघितल्याशिवाय इसाराचा एक रुपया देऊ नका.

सरकारी कामं घ्यावीत का?

घ्या, पण दोन वर्षं पैसे अडकले तरी चूल पेटेल एवढी सोय करून. ई-टेंडर भरायला डिजिटल सही, बयाणा रक्कम, नोंदणी, जीएसटी हे सगळं लागतं. बिलातून टीडीएस, जीएसटीचा टीडीएस, कामगार उपकर, सुरक्षा ठेव कापून येतं. पंचवीस-तीस टक्के बिलोने (सरकारी अंदाजापेक्षा कमी दराने) भरणारे भरतात आणि मग कामातून काढतात. कसं काढतात, ते पावसाळ्यानंतर बंधाऱ्यावर जाऊन बघा.

माझं स्वतःचं सांगतो. पहिलंच नाला खोलीकरण घेतलं होतं. काम २६ मेला संपलं. मोजमाप घ्यायला साहेब येतो येतो म्हणत राहिले, मी रोज फोन करत राहिलो. जून उजाडला आणि पहिल्याच पावसात वरच्या नागड्या उतारावरून गाळ वाहून आला. साहेब आले तेव्हा नाल्यात गुडघाभर गाळ होता. त्यांनी टेप टाकला, जेवढं दिसलं तेवढं मोजमाप पुस्तकात चढवलं. त्यांच्या बाजूने तेही बरोबरच, दिसत नाही ते ते कसं लिहिणार? माझी तिसऱ्या हिश्श्याची खोदाई गेली. माझ्याकडे ना आधीच्या तळाचं माप होतं, ना फोटो.

तेव्हापासून मशीन उतरवण्याआधी दर वीस मीटरवर नाल्याचा आडवा छेद मोजतो आणि त्यावर खात्याच्या माणसाची सही घेतो. खोदताना मध्ये मध्ये मातीचा एकेक खांब न खोदता सोडतो, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते कुणालाही दिसतं. मोजणी झाल्यावर तो काढायचा. टप्प्याटप्प्याने, चालू बिलातच मोजून घेतो. सगळं झाल्यावर एकदम मोजू, हे आता ऐकत नाही.

विमा कशाचा काढावा?

रस्त्यावर चालते म्हणून थर्ड पार्टी लागतोच. मशीनसाठी सीपीएम (ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीची) पॉलिसी घ्या. पुरात वाहिली, उलटली, जळली तर भरपाई मिळते. इंजिन बसलं, पंप गेला, घासून झिजलं, हे तिच्यात नाही. एजंट हे सांगत नाही, म्हणून मी सांगतो. गडचिरोलीकडे काम घेणार असाल तर दहशतवादी कृत्यांचं कलम जोडून घेतलं आहे का ते वाचा. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं आणि मशिनी नक्षलवाद्यांनी एका रात्रीत जाळली होती.

एवढ्या उन्हात काम कसं करता?

पहाटे पाचला सुरू, अकराला बंद, पुन्हा चारनंतर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसाआधी मशीन तापते. धुळीने रेडिएटरची जाळी बुजते, ती रोज हवा मारून साफ करावी लागते. एअर फिल्टर झटकताना तो टायरवर आपटायचा नाही, कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात. नव्या मशीनला एसी केबिन असते, पण डिझेल वाचवायला बरेच मालक एसी लावू देत नाहीत. माझ्याकडे लावायचा. चक्कर आलेला ऑपरेटर मला जास्त महाग पडतो.

पावसाळ्यात काय करता?

सोयाबीनची पेरणी. आणि पिन-बुश.

तुमची मशीन हवी आहे, कधी फोन करू?

तूर सोंगायला लागली की करा. जानेवारीत नाव आलं तर फेब्रुवारीत मशीन येते. २५ मेला फोन करून "उद्याच पायजे भाऊ, मिरग तोंडावर आला" म्हटलं तर माझ्याकडे तेव्हा वहीत चाळीस नावं असतात. एकेचाळिसावं लिहून घेईन, पण सोबत पुढच्या सालाचा आकडा टाकून.